गाडीच्या टपावरचे अँटेना : इंदूरमधल्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर, राजेंद्रनगर

प्रश्न एवढाच : हौशी रेडिओच्या दोन बँडांसाठी (वारंवारितेच्या पट्ट्यांसाठी) गाडीवर लावायचे चार अँटेना हाताशी आहेत, जुन्या बोलेरोवर कोणता कायम ठेवायचा? खोक्यांवरचे आकडे शेजारी ठेवून उत्तर मिळत नाही. एका खोक्यावर नुसतं '३ डीबी' (डेसिबल, शक्तीच्या गुणोत्तराचं माप; ३ म्हणजे सुमारे दुप्पट) छापलंय, कशाच्या तुलनेत ते नाही. दुसऱ्यावर डीबीआय आहे, म्हणजे सगळीकडे सारखं पसरणाऱ्या काल्पनिक बिंदूशी तुलना. हाच आकडा अर्ध-तरंग डायपोलशी ताडला की आपोआप २.१५ ने उतरतो. खोकं मोठं दिसावं म्हणून कोणतं माप छापायचं हे उघड आहे.

चार अँटेना असे : पाव-तरंगाची (तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी) साधी स्टीलची काडी, बुडाशी गुंडाळी असलेला ५/८ तरंगाचा (काडी सुमारे सव्वा मीटर), एक मीटरचा ड्युअल बँड (दोन्ही बँडांसाठी एकच), आणि २० सेंटिमीटरची रबरी आवरणाची आखूड हेलिकल (सरळ तारेऐवजी गुंडाळी). शेवटचा घ्यायचं कारण म्हणजे पार्किंगच्या कमी उंचीच्या गेटांमुळे बरेच जण तोच लावून फिरतात.

भारतात हौशींसाठी १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. १४५.८ च्या वरचा तुकडा आणि ४३५ ते ४३८ उपग्रहांच्या कामासाठी मोकळे सोडायचे, म्हणून चाचणीला १४५.२०० आणि ४३४.५०० ठरवले. बीकन, म्हणजे मोजणीसाठी ठरावीक जागेवरून सतत सिग्नल सोडणारा सेट, सोडून उठायचं नाही. परवानाधारक चालक पूर्ण वेळ तिथे बसेल आणि कॉलसाइन (परवान्यावरचं ओळख-नाव) देत राहील. गाडीतून प्रक्षेपण नाही, फक्त ग्रहण. अँटेना दोन्ही दिशांना सारखाच वागतो, त्यामुळे तुलनेत फरक पडत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अँटेना बदलला तर बैठक, केबल आणि जागा तीच. बैठक बदलली तर अँटेना तोच. ऐकायला बाळबोध, पण दोन वेगळ्या गाड्यांवरचे दोन वेगळे अँटेना ताडून काढलेले निष्कर्ष याच ठिकाणी फसलेले असतात.

१० नोव्हेंबर, टपाला भोक

संदर्भ म्हणून टपाच्या मधोमध पक्की बैठक हवी. एनएमओ बैठक (पत्र्यात भोक पाडून बसवायचा एक प्रकार) घेतली. तिला १९ मिलिमीटरचं भोक लागतं. होल सॉ सियागंजातून, केबल आणि कनेक्टर महाराणी रोडवरून.

आधी आतलं अस्तर मागच्या बाजूने अर्धं उतरवलं. टपाखाली आडव्या पट्ट्या असतात. बोटाने ठोकत गेलं की पोकळ आणि भरीव आवाजातला फरक कळतो. भोक पट्टीवर आलं तर खालचा नट बसत नाही. नव्या गाड्यांत बाजूच्या पडद्यासारख्या एअरबॅगा छताच्या कडेने जातात. तिथलं अस्तर न उघडता ड्रिल लावणं म्हणजे आगीशी खेळ. या गाडीत तो प्रश्न नव्हता.

खूण करून मध्यबिंदूवर पंच मारला, आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग होल सॉ. पायलट ड्रिलला टेप गुंडाळून खोली बांधली, म्हणजे पत्रा फुटल्यावर हात आत जात नाही. टपावरचा लोखंडाचा कीस लगेच चुंबकाने आणि ओल्या फडक्याने उचलला. एक रात्र राहिला तरी सकाळी रंगावर तांबडे ठिपके पडतात.

सगळ्यात महत्त्वाचं काम भोकाच्या खालच्या बाजूला. बैठकीचे दात जिथे चावतात तिथला रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने काढून पत्रा चकचकीत केला. वरून रंग शाबूत. केबल आरजी-५८ (५० ओहमची), नेमकी ४ मीटर. सीटखाली जास्तीची वेटोळी ठेवायची नाहीत : या केबलमध्ये १४५ वर ४ मीटरला साधारण ०.८ डेसिबल जातात आणि ४३४ वर १.५. म्हणजे २५ वॅटचा सेट लावला तर ४३४ वर अँटेनापर्यंत जेमतेम १८ वॅट पोचतात.

१६ नोव्हेंबर, काडी कापणे

नॅनो-व्हीएनए (अँटेना कोणत्या वारंवारितेवर जुळतो ते दाखवणारं छोटं यंत्र) केबलच्या अँटेनाकडच्या टोकाशी उघडं, शॉर्ट आणि ५० ओहम लावून कॅलिब्रेट केला, म्हणजे केबलचा हिशेब वजा होतो. दारं बंद, बॉनेट बंद, टपापासून दोन मीटरांत कोणी उभं नाही.

काडी ५३ सेंटिमीटरपासून सुरू केली. डिप, म्हणजे परत येणारी शक्ती सगळ्यात कमी होते ती वारंवारिता, १३४ मेगाहर्ट्झच्या आसपास. ५० ला आणल्यावर १४२.५. इथून पुढे घाई नको. या लांबीला ५ मिलिमीटर कापले की वारंवारिता जवळपास दीड मेगाहर्ट्झ वर सरकते, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. दोन-दोन मिलिमीटर करत ४९.२ वर थांबलो, डिप १४४.८. टोक कानशीने गोल केलं, नाहीतर गाडी पुसताना हात फाटतो.

एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो याचं माप, १.० म्हणजे पूर्ण जुळणी) सगळ्यात कमी १.३५ आला. तो १.० करण्याच्या मागे लागायचं नाही. पाव-तरंगाचा पायथ्याशी रोध चांगल्या पत्र्यावर ३६ ओहमच्या आसपास असतो, म्हणजे ५० ओहमशी १.३ ते १.४ हेच निरोगी उत्तर. कापून आणि हलवून कोणी १.० दाखवला तर उरलेले १४ ओहम कुठल्या खराब सांध्यात तापतायत ते शोधावं.

४३४ साठी वेगळी संदर्भ-काडी १६.४ सेंटिमीटरची. ४९ ची काडी ४३४ वरही जुळते, कारण तिथे ती पाऊण तरंग होते. एसडब्ल्यूआर सुंदर दिसतो, पण किरण वर उचलले जातात. ते पुढे मोजायचंच आहे.

१७ नोव्हेंबर, ग्रहणाची बाजू

सेटवरच्या एस-मीटरवर (सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या) विसंबायचं नाही. एफएम सेटचा मीटर पाच-सहा पट्ट्यांत तळापासून माथ्यापर्यंत जातो, पट्ट्यांमधलं अंतर सारखं नसतं. त्याऐवजी आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रिसीव्हर). त्याचा आपोआप गेन (सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) बंद, एका ठरावीक गेनवर कायम. समोर १० डेसिबलचा ठोकळा, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर, कायमचा लावला. त्याची दोन कामं : एसडीआरचा आतला रोध ५० ओहमपासून भटकला तरी केबलला ५० ओहमच दिसतात, आणि जवळच्या एफएम प्रसारणाने एसडीआर गुदमरत नाही.

सरळपणा तपासायला पायरीचा अ‍ॅटेन्युएटर मध्ये घालून १, २, ३, ६, १०, २० डेसिबल कमी करत गेलो. ३० डेसिबलच्या पट्ट्यात चूक ०.३ च्या आत. चालेल. एसडीआर चालू करून वीस मिनिटं तापू द्यायचा, नाहीतर वाचन हळूहळू उतरत जातं.

बीकन : १ वॅट, मॉड्युलेशनशिवाय सरळ कॅरिअर, चार मजली गच्चीवरच्या खांबावर उभा अँटेना. उभा असणं आवश्यक आहे. आडवा लावला तर दोन्हीकडचं ध्रुवण जुळत नाही आणि वीसेक डेसिबल फुकट जातात.

२३ नोव्हेंबर, राऊच्या पुढचं मोकळं रान

बीकनपासून हवाई अंतर साधारण ३ किलोमीटर, मध्ये सपाट काळी माती, विजेच्या तारा दूर. किमान अंतराचा हिशेब : अँटेना एक मीटरचा असला तरी पसरतं अख्ख्या गाडीचं धातूचं अंग, म्हणून ४ मीटर धरायचे. १४५ वर १५ मीटर आणि ४३४ वर ४६ मीटरच्या पलीकडे गेलं की झालं. तरीही ३ किलोमीटर घेतले, कारण प्रत्यक्ष वापरात सिग्नल क्षितिजालगतच्या कोनातून येतो आणि तोच कोन मोजायचाय.

जमिनीत खुंटी ठोकली, तिच्याभोवती चुन्याने आठ दिशा आखल्या. प्रत्येक दिशेला गाडी अशी लावायची की अँटेनाच्या बुडापासून सोडलेला ओळंबा खुंटीवर येईल. गाडीचा मध्य नव्हे, अँटेना खुंटीवर. बोलेरो मागेपुढे करून बसवायला दर दिशेला पाच-सात मिनिटं जातात. ओळंबा १० सेंटिमीटरने चुकला तर १४५ वर तो तरंगाचा विसावा भाग, पण ४३४ वर सातवा. म्हणून ४३४ वर प्रत्येक दिशेला अर्धा-अर्धा मीटर सरकून पाच वाचनं आणि त्यांची सरासरी.

आजची सगळी वाचनं रद्द. सकाळच्या पाव-तरंग काडीपेक्षा दुपारची तीच काडी ०.९ डेसिबल कमी. अँटेना, केबल, ओळंबा सगळं तपासून झालं. दोष बीकनकडे निघाला : तिथला हँडसेट बॅटरीवर होता. बॅटरी ८.२ वरून ७.४ व्होल्टवर आली, आणि शक्ती व्होल्टच्या वर्गाप्रमाणे पडते धरलं तर नेमका ०.९ चाच फरक येतो. संध्याकाळी मोजलेला अँटेना वाईट आणि सकाळचा चांगला, असा 'निष्कर्ष' निघाला असता.

बीकन आता नियंत्रित वीजपुरवठ्यावर. शिवाय क्रम बदलला : संदर्भ, चाचणीचा अँटेना, पुन्हा संदर्भ. दोन संदर्भांत ०.५ पेक्षा जास्त फरक आला तर मधलं वाचन फेकायचं.

३० नोव्हेंबर, तीच जागा

आठ दिशांची सरासरी. टपाच्या मधल्या भोकातल्या पाव-तरंग काडीला शून्य धरून, १४५.२०० वर :

५/८ तरंग, त्याच भोकात : +१.३ डेसिबल
ड्युअल बँड, त्याच भोकात : +०.४
पाव-तरंग, मॅग्नेटवर (चुंबकाने टपाला चिकटणारी बैठक), टपाच्या मध्यावर : −०.३
पाव-तरंग, मॅग्नेटवर, टपाच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात : −०.९
आखूड हेलिकल, भोकात : −५.६

आणि ४३४.५०० वर, १६.४ सेंटिमीटरच्या काडीला शून्य धरून :

ड्युअल बँड : +२.६
४९ सेंटिमीटरची काडी : −१.९
आखूड हेलिकल : −०.८

मोजणी पुन्हापुन्हा केल्यावर ±०.४ चा फरक पडतोच. त्यामुळे मॅग्नेटचे −०.३ आणि ड्युअल बँडचे +०.४ म्हणजे बरोबरी, त्यावर वाद घालायचा नाही. मॅग्नेटची केबल बुडातच ओतलेली असते, बदलता येत नाही. तिची गळती वेगळी मोजून हिशेबात परत घातली आहे.

५/८ पाव-तरंगापेक्षा ३ डेसिबल देतो हे अनंत पसरलेल्या सपाट पत्र्यावर खरं. इथे टप सुमारे १.३ मीटर रुंद, म्हणजे बाजूला जेमतेम ६५ सेंटिमीटर. पाव-तरंगाला तेवढं पुरतं. ५/८ ला आपले किरण क्षितिजावर दाबून धरायला याहून मोठं अंगण लागतं, ते नसल्याने किरण थोडे वर उचलले जातात. अर्धाअधिक फायदा तिथेच जातो.

हेलिकलचा तोटा बोलका आहे. २५ वॅटचा सेट घेऊन ७ वॅटचा करून वापरायचा, असा तो व्यवहार. ४३४ वर मात्र हीच काडी ठीक आहे, कारण तिथे २० सेंटिमीटर म्हणजे आखूड नव्हे.

मॅग्नेट रंगावर बसतो, पत्र्याला टेकत नाही, तरी चालतो कसा? बूड आणि टप मिळून कॅपॅसिटर होतो. नऊ सेंटिमीटर व्यासाचं बूड आणि मध्ये रंगाचा-रबराचा ०.३ मिलिमीटरचा थर धरला तर साधारण साडेपाचशे पिकोफॅरड. १४५ वर त्याचा अडथळा फक्त २ ओहम. हाच मॅग्नेट ७ मेगाहर्ट्झच्या एचएफ (लघुलहरींच्या) अँटेनाखाली ठेवला तर ४० ओहम, म्हणून तिथे तो निकामी. बुडाखाली धूळ साचली किंवा कोणी जाड रबराची चकती घातली की हा हिशेब बिघडतो.

कोपऱ्यातल्या मॅग्नेटची सरासरी फार वाईट नाही, पण दिशांमधला चढउतार ५ डेसिबलचा. सगळ्यात जोर डावीकडे पुढे, म्हणजे टपाचा जास्तीत जास्त पत्रा ज्या बाजूला पसरलाय तिकडे.

७ डिसेंबर, मागच्या दारावरची पकड

भोक नको असणाऱ्यांची आवडती जागा. दाराच्या वरच्या कडेला चिमट्यासारखी पकड, आत ॲलन कीने आवळायचे चार बारके स्क्रू. पाव-तरंग काडी तीच.

पहिलं वाचन : एसडब्ल्यूआर २.४. दार आपटलं की २.१, पुन्हा आपटलं की २.६. केबलवरून हात फिरवला तरी आकडा हलतो. ही खूण नीट लक्षात ठेवावी. केबल धरल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर केबलच्या जाळीची बाहेरची बाजू अँटेनाचा भाग झालेली आहे.

मल्टीमीटरने पकडीपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत ०.३ ओहम. म्हणजे डीसीला सगळं ठीक, पण डीसीचा रस्ता आणि १४५ मेगाहर्ट्झचा रस्ता एक नव्हे. दार बिजागरीवर टांगलेलं, बिजागरीत ग्रीस, बाकी चारी बाजूंनी रबरी बीडिंग. करंटला टपावर जायला बिजागरीचा लांबचा वळसा. अँटेनाला जो पत्रा हवा तो दीड इंचावर आहे आणि तिथे पोचता येत नाही.

उपाय : चापट तांब्याची विणलेली पट्टी, २५ मिलिमीटर रुंद, शक्य तेवढी आखूड (इथे ११ सेंटिमीटर), दार आणि टप यांच्यामध्ये, दोन्ही टोकांना पत्रा उघडा करून लगसह स्क्रूने आवळलेली. गोल वायर चालत नाही, तिचं इंडक्टन्स जास्त. चारपैकी दोन स्क्रूंनी रंग फोडलाच नव्हता, त्यांचं टोक कानशीने टोकदार करून पुन्हा बसवलं. पकडीपासून हातभर अंतरावर केबलला तीन क्लिप-ऑन फेराइट (जाळीच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारे मणी).

नंतर एसडब्ल्यूआर १.५, दार आपटून स्थिर. सिग्नलची सरासरी पट्टीआधी −४.२, पट्टीनंतर −१.४. अँटेना तोच, गाडी तीच, जागाही तीच. आजच्या या २.८ डेसिबलपुढे चारही खोक्यांवरच्या छापील आकड्यांतला फरक किरकोळ आहे.

उघडा केलेला पत्रा टच-अप रंगाने आणि वरून सीलंटने झाकला. सिलिकॉन सीलंट घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्यावं.

८ डिसेंबर, बॉनेटची कड

डावीकडची बॉनेट-कड, अँटेनाचं बूड जमिनीपासून १.१ मीटर. टपावर ते १.९ होतं. सरासरी −४.१, आणि केबिनच्या मागच्या दिशेला −९.

यातला किती तोटा बैठकीचा आणि किती नुसत्या उंचीचा? सरळ किरण आणि जमिनीवरून परतलेला किरण एकमेकांना खात असतात, तिथे सिग्नल उंचीच्या प्रमाणात वाढतो. १.९ भागिले १.१ म्हणजे ४.७ डेसिबल. पण ओलसर काळी माती बरीच वाहक असते आणि उभ्या ध्रुवणात इतक्या कमी उंचीला हा नियम पुरता लागू होत नाही. प्रत्यक्षात अडीच-तीन डेसिबल उंचीमुळे धरावे, उरलेले केबिनच्या आडोशामुळे. अँटेना बदलून यातलं काहीच परत येत नाही.

२१ डिसेंबर, राजवाडा ते जवाहर मार्ग

उभ्या गाडीची मोजणी शहरात कामाची नाही. भिंतींवरून परतलेल्या लहरींमुळे १४५ वर दर मीटरला आणि ४३४ वर दर ३५ सेंटिमीटरला खड्डे पडतात. गाडी एक पाऊल सरकली की दहा-वीस डेसिबल इकडेतिकडे. म्हणून चालत्या गाडीतून ४० तरंगलांब्यांची धाव आणि मध्यक. सरासरी घेतली तर एखादं उंच शिखर सगळा आकडा ओढून नेतं. १४५ वर ४० तरंग म्हणजे ८३ मीटर. ताशी ३० किलोमीटरने ते दहा सेकंदांत होतात, सेकंदाला दहा वाचनं घेतली की शंभर नमुने. दोन नमुन्यांत ८३ सेंटिमीटर अंतर पडतं, म्हणजे एकाच खड्ड्यातली दोन वाचनं येत नाहीत.

वेळ पहाटे साडेपाच ते सहा. पोह्यांच्या गाड्या लागल्या की राजवाड्याभोवती एकसारखा वेग विसरायचा.

१४५ वर ५/८ चा फायदा +०.२, म्हणजे शून्य. ४३४ वर ड्युअल बँड +०.९, रानात तोच +२.६ होता. अरुंद गल्लीत सिग्नल क्षितिजावरून येतच नाही. छतांच्या कडांवरून वाकून, वरच्या कोनातून उतरतो. क्षितिजावर जोर दाबलेल्या अँटेनाचा जोर तिथे वाया. साधी काडी वरचंही ऐकते, खालचंही.

आखूड हेलिकल मात्र शहरातही −५.३ वर. तिचा तोटा दिशेचा नाही, गुंडाळीत आणि आखूडपणात जिरलेल्या शक्तीचा आहे, तो कुठेही गेलं तरी बरोबर येतो.

२२ डिसेंबर, खंडवा रोड, सिमरोलच्या पुढे भेरूघाट

सिमरोलपर्यंत माळव्याचं पठार, सगळं रानासारखंच : ५/८ +१.२. भेरूघाटात रस्ता विंध्याच्या कड्यावरून खाली चोरलकडे उतरतो, आणि बीकन कड्याआड जातं. तिथे १४५ वर सगळे अँटेना एकमेकांच्या अर्ध्या डेसिबलमध्ये. ४३४ वर ड्युअल बँड पाव-तरंगापेक्षा −०.५. कारण गल्लीतलंच : लहर कड्याच्या धारेवरून वाकून वरून येते. घाटातल्या वळणांवर दोन धावा सोडून द्याव्या लागल्या, ट्रकच्या मागे अडकल्याने वेग पडला.

परतताना सपाट रस्त्यावर ताशी ८० ला ५/८ ची काडी वाऱ्याने मागे झुकते आणि सिग्नल १ डेसिबलने थरथरतो. पाव-तरंग हलतही नाही. शिवाय १.९ अधिक १.२५ मिळून जमिनीपासून ३.१५ मीटर उंची होते, म्हणजे कडुलिंबाच्या खालच्या फांद्या आणि सोसायट्यांच्या कमानी.

४ जानेवारी, आवाजाची पातळी

आतापर्यंत फक्त सिग्नल मोजला. ऐकू येणं न येणं ठरतं सिग्नल आणि गोंगाट यांच्या फरकाने. आज १० डेसिबलचा ठोकळा काढला, तो असताना बाहेरचा गोंगाट दिसत नाही. आधी ५० ओहमचा लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोध) लावून तळ नोंदवला, मग अँटेना.

इंजिन बंद, किल्ली बंद : लोडपेक्षा २ डेसिबल वर, शहराचा स्वाभाविक गोंगाट. इंजिन चालू : डिझेल असल्याने स्पार्कचा प्रश्न नाही, फरक ०.५. मग सिगारेट-लायटरच्या भोकात स्वस्तातला यूएसबी चार्जर घातला : टपावरच्या काडीला ३ डेसिबलची वाढ, बॉनेटवरच्या काडीला तब्बल ७. मोबाइल लावलेला नसतानाही. चार्जरच्या आतला स्विचिंग सप्लाय गाडीच्या वायरिंगलाच अँटेना करतो, आणि बॉनेटची कड त्या वायरिंगच्या डोक्यावर.

चार्जर काढणं फुकट आहे. काढायचा नसेल तर त्याच्या केबलला फेराइट लावून ७ चे ४ झाले, दुसरा चार्जर आणून १.

१५ जानेवारी

संक्रांतीचा मांजा काडीला गुंडाळलेला, दोन-तीन वेढे बुडापर्यंत. कात्रीने कापून काढला. एसडब्ल्यूआरवर परिणाम नाही. ५/८ च्या गुंडाळीच्या प्लॅस्टिकला मात्र मांजाने खाच पाडली आहे. पावसाआधी बुजवायची.

टपाच्या भोकात कायमचा ड्युअल बँड ठेवला. १४५ वर साध्या काडीच्या बरोबरीचा, ४३४ वर सपाटीला चांगला, घाटात फारसा मागे नाही. ५/८ फक्त पठारावरच्या लांबच्या रस्त्यांसाठी डिकीत.

६ जुलै, पावसानंतर

संदर्भासाठी पाव-तरंग काडी परत चढवली. सेटपाशी एसडब्ल्यूआर नोव्हेंबरात १.२८ होता, आज १.१४. म्हणजे 'सुधारला'. सिग्नल २.८ डेसिबलने पडला.

एसडब्ल्यूआर कारणाशिवाय सुधारला की केबलवर संशय घ्यायचा. परत येणारी शक्ती केबलमध्येच जिरली तर मीटरला ती दिसणार कुठून? तपासणी सोपी : अँटेना काढून बैठक उघडी ठेवायची आणि सेटकडून रिटर्न लॉस (पाठवलेल्या शक्तीपेक्षा परत आलेली किती डेसिबल कमी) बघायचा. उघड्या टोकावरून सगळं परत येतं, त्यामुळे जे दिसतं ते केबलच्या गळतीच्या दुप्पट. ४ मीटर आरजी-५८ ला १४५ वर १.६ यायला हवं. आलं ७.२, म्हणजे एकेरी ३.६. गळती २.८ ने वाढली, सिग्नलही तेवढाच पडलेला.

बैठकीच्या वरची रबरी रिंग दोन ठिकाणी चिरलेली. चाचण्यांच्या दिवसांत अँटेना शेकडो वेळा काढघाल झाला, प्रत्येक वेळी रिंग थोडी पिळली गेली. पाणी भोकातून केबलच्या जाळीत शिरलं. वातीत तेल चढावं तसं ते जाळीतून चढतं, उतार लागत नाही. आवरण चिरत गेलो तर बैठकीपासून एक मीटर दहा सेंटिमीटरपर्यंत तांबं काळं, त्याच्यापुढे लख्ख. काळा तुकडा कापून जोड मारायचा नाही, अख्खी केबल बदलली.

नवी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून. अस्तराच्या आत केबलला खाली झुकणारा वळसा दिला, म्हणजे पुढच्या वेळी पाणी आलंच तर वळशाच्या तळाशी गळेल, कनेक्टरपर्यंत जाणार नाही. पकडीच्या बैठकीवरचा बाहेरचा कनेक्टरही सोडवून पाहिला, कोरडा होता. तिथे आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून, वरून पीव्हीसी टेप खालून वर गुंडाळत गेलो. कौलांसारखा वरचा वेढा खालच्यावर यायला हवा, उलट गुंडाळलं तर टेप पाणी अडवायच्या ऐवजी धरून ठेवते.

नव्या केबलवर उघड्या टोकाचं वाचन १.६. काडी चढवल्यावर सेटपाशी पुन्हा १.२८.